संगणकाचा ‘नेहमीचा मसाला’

समजा, पुण्याच्या आत्याच्या हातची आमटी तुम्हाला फार आवडते. तुम्ही तिच्याकडून कृती लिहून घेता. आत्या सांगते, “तुरीची डाळ शिजवून घे. फोडणी कर. चिंच-गूळ घाल. नेहमीचा मसाला दोन चमचे घाल आणि चांगली उकळी येऊ दे.” ही वही घेऊन तुम्ही कोल्हापूरला मामीकडे जाता. मामी अगदी लिहिल्याबरहुकूम सगळे करते. पण पहिला भुरका मारताच तुमच्या डोळ्यांत पाणी येते! ही आत्याची आमटी नव्हेच.

चूक कोणाची? आत्याच्या डब्यातला नेहमीचा मसाला म्हणजे गोडा मसाला. मामीच्या डब्यातला नेहमीचा मसाला म्हणजे कांदा-लसूण मसाला. कृतीतले एकही अक्षर चुकलेले नाही आणि मामीनेही काही गाळलेले नाही. ‘नेहमीचा’ या एका शब्दाचा अर्थ मात्र वहीत नव्हता, तो स्वयंपाकघरात होता. वही कोल्हापूरला गेली, स्वयंपाकघर पुण्यालाच राहिले.

विद्यार्थी मित्रांनो, संगणकाच्या जगातही असा ‘नेहमीचा मसाला’ असतो. त्याला परिसर-चल म्हणू या. एका संगणकावर बिनबोभाट होणारे काम दुसऱ्या संगणकावर नेताच अडून बसते. त्याहून वाईट म्हणजे, कधी ते न अडता पुरे होते, पण निकाल वेगळाच येतो. असे का होते आणि त्यावर उपाय कोणता, हे या लेखात पाहू.

बांधणी म्हणजे काय?

माणूस आज्ञावली लिहितो ती त्याला वाचता येईल अशा भाषेत, उदाहरणार्थ ‘सी’ या भाषेत. या लिखाणाला मूळ संहिता म्हणतात. संगणकाचा प्रोसेसर मात्र केवळ ० आणि १ यांनी बनलेल्या आज्ञा ओळखतो. मूळ संहितेचे अशा आज्ञांत रूपांतर करण्याचे काम कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली करते. मोठ्या कामात मूळ संहितेच्या शेकडो, कधी हजारो फाइली असतात. प्रत्येक फाइलीचे रूपांतर करायचे आणि मग सगळे तुकडे जोडून एक चालती आज्ञावली तयार करायची, या साऱ्या खटाटोपाला बांधणी म्हणतात.

ही बांधणी पूर्वी माणसे हाताने करीत. तीत चुका होत. १९७६ सालची गोष्ट आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन नावाचे एक तज्ज्ञ काम करीत. एके दिवशी ते आपल्या आज्ञावलीतील दोष शोधत बसले. सकाळ उलटून गेली, तरी दोष काही सापडेना. सापडणार कसा? मूळ संहितेतील दोष त्यांनी आधीच दुरुस्त केला होता. फक्त त्या फाइलीचे पुन्हा रूपांतर करायचे राहून गेले होते! वैतागून ते आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. आदल्या संध्याकाळी फेल्डमन यांचाही वेळ अशाच घोटाळ्यात गेला होता. त्यांनी त्याच आठवड्याच्या अखेरीस एक साधन लिहून काढले. त्याचे नाव ‘मेक’.

मेकला एक कृती लिहून द्यावी लागते. तिला मेकफाइल म्हणतात. कोणती वस्तू कशापासून बनते आणि ती बनवण्याची आज्ञा कोणती, हे तीत लिहिलेले असते. मेक फाइलींच्या वेळा ताडून पाहते आणि ज्या फाइली बदलल्या आहेत त्यांचेच रूपांतर पुन्हा करते. या कामगिरीसाठी फेल्डमन यांना २००३ सालचा ए.सी.एम. या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. मेक आणि तिच्या नात्यातील साधने आजही जगभर वापरात आहेत.

म्हणजे मेकफाइल ही आत्याची वही झाली. आता तिच्यातला ‘नेहमीचा मसाला’ कुठे दडलेला असतो ते पाहू.

परिसर-चल

बीजगणितात तुम्ही ‘क्ष = ५’ असे लिहिता. क्ष हे चल, ५ ही त्याची किंमत. परिसर-चलही असेच असते. त्याला एक नाव असते आणि एक किंमत असते. फरक इतकाच, की ही किंमत बहुधा संख्या नसून अक्षरांची एक ओळ असते आणि ती आज्ञावलीच्या आत लिहिलेली नसून तिच्या भोवतीच्या परिसरात ठेवलेली असते.

ही सोय युनिक्स या कार्यप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ साली आली. मागचा हेतू चांगलाच होता. एकच आज्ञावली दहा जणांनी वापरायची, तर प्रत्येकाचे घर वेगळे. मग प्रत्येकासाठी आज्ञावली बदलायची का? नको. तिने फक्त ‘होम’ या चलाची किंमत वाचावी. ज्याची त्याची किंमत वेगळी, आज्ञावली एकच. ‘टीएमपीडीआयआर’ या चलात तात्पुरत्या फाइली कुठे ठेवायच्या ते असते. ‘लँग’ या चलात वापरणाऱ्याची भाषा असते, तर ‘टीझेड’मध्ये घड्याळाचे कालक्षेत्र.

सर्वांत महत्त्वाचे चल म्हणजे ‘पाथ’. मेकफाइलीत नुसते “कंपायलर चालव” असे लिहिलेले असते. तो कुठल्या फोल्डरात आहे हे बहुधा लिहिलेले नसते. मग तो शोधायचा कसा? पाथ या चलात फोल्डरांची यादी असते. संगणक ती यादी क्रमाने तपासतो आणि त्या नावाची जी आज्ञावली पहिल्यांदा सापडेल ती चालवतो. समजा, तुमच्या संगणकावर कंपायलरच्या दोन आवृत्त्या आहेत, एक जुनी आणि एक नवी. कोणती चालेल? पाथमध्ये जिचे फोल्डर आधी असेल ती. मेकफाइल सारखीच, पण तुमच्याकडे जुन्या कंपायलरने बांधणी होते आणि तुमच्या मैत्रिणीकडे नव्याने. हाच तो ‘नेहमीचा कंपायलर’!

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एक आज्ञावली दुसरीला सुरू करते, तेव्हा आपल्या परिसर-चलांची एक नक्कल तिला देते. प्रवासाला निघालेल्या मुलाला आई शिदोरी बांधून देते तसेच हे. मुलाने वाटेत शिदोरीत काहीही कमीजास्त केले तरी घरच्या फडताळात काही फरक पडत नाही. म्हणून एका खिडकीत बदललेले चल आधीच उघडलेल्या दुसऱ्या खिडकीला कळत नाही. नव्याने शिकणारे अनेकजण येथे चकतात. सेटिंग बदलल्यावर खिडकी बंद करून पुन्हा उघडावी लागते ती यामुळेच.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेत विंडोजचा संगणक असेल तर कमांड प्रॉम्प्टची खिडकी उघडा. एस, ई, टी ही तीन रोमन अक्षरे टंकून एंटर दाबा. तुमच्या संगणकाची सारी परिसर-चले ओळीने दिसतील. लिनक्सचा संगणक असेल तर टर्मिनल उघडून ई, एन, व्ही ही अक्षरे टंका.

आता स्वतःचे एक चल तयार करा. (खालील आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, टंकताना रोमन अक्षरे वापरा. चलाचे नाव सर्व मोठ्या अक्षरांत लिहा आणि बरोबरच्या चिन्हाच्या आगेमागे जागा सोडू नका.)

विंडोजवर: सेट गाव=सातारा
मग: एको %गाव%

लिनक्सवर: गाव=सातारा
मग: एको $गाव

दोन्हीकडे ‘सातारा’ असे उत्तर येईल. येथपर्यंत सारे सारखेच. आता चलाचे नाव लहान अक्षरांत लिहून पुन्हा विचारा. विंडोज पुन्हा ‘सातारा’ म्हणेल. लिनक्स मात्र कोरी ओळ देईल. विंडोजच्या लेखी चलाच्या नावातील लहानमोठी अक्षरे एकच, लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावे.

आता कधीच तयार न केलेल्या चलाची किंमत विचारा, उदाहरणार्थ ‘तालुका’. लिनक्स पुन्हा कोरी ओळ देईल. विंडोज मात्र %तालुका% हीच अक्षरे जशीच्या तशी परत छापील. हा फरक दिसायला क्षुल्लक आहे. पण बांधणीच्या साधनाने त्या नावाचे फोल्डर शोधायला सुरुवात केली म्हणजे काय होईल, याची कल्पना करा.

शेवटी लिनक्सवर एस, एच टंकून एक नवा शेल सुरू करा. शेल म्हणजे तुमच्या आज्ञा वाचून त्या संगणकाकडून करवून घेणारा मध्यस्थ. या नव्या शेलात ‘एको $गाव’ विचारा. उत्तर कोरे! कारण चल तयार केले तरी ते शिदोरीत घातले नव्हते. एक्झिट म्हणून बाहेर या, ‘एक्सपोर्ट गाव’ अशी आज्ञा द्या आणि नवा शेल सुरू करून पुन्हा विचारा. आता ‘सातारा’ येईल. विंडोजवर हे वेगळे सांगावे लागत नाही. तेथे सेट केलेले चल आपोआप शिदोरीत जाते.

गाव बदलले, विरामचिन्हे बदलली

आता युनिक्सवर जन्मलेले एखादे साधन विंडोजवर न्यायचे ठरले, तर काय काय अडचणी येतात ते क्रमाने पाहू.

पहिली अडचण विरामचिन्हांची. पाथमधील फोल्डरांची यादी युनिक्स आणि लिनक्सवर विसर्गासारख्या दोन टिंबांनी, म्हणजे ‘:’ या चिन्हाने तोडतात. विंडोजवर हे चिन्ह मोकळे नव्हते. तेथे ‘सी:’ आणि ‘डी:’ अशी डिस्कची नावे असतात. म्हणून विंडोजने, आणि तिच्या आधीच्या एमएस-डॉसने, अर्धविराम ‘;’ घेतला. समजा, विंडोजवर पाथची किंमत अशी आहे:

सी:\टूल्स;डी:\बिन

यात दोन फोल्डर आहेत. पण युनिक्सच्या सवयीचे साधन ती ‘:’ या चिन्हावर तोडते. मग त्याच्या हाती तीन तुकडे येतात: ‘सी’, ‘\टूल्स;डी’ आणि ‘\बिन’. पहिल्या दोहोंना काही अर्थ नाही आणि तिसऱ्याची डिस्क हरवली. साधन म्हणते, “कंपायलर सापडत नाही.” कंपायलर तर समोरच आहे!

दुसरी अडचण तिरप्या रेघेची. फोल्डराच्या आत फोल्डर दाखवण्यासाठी युनिक्स ‘/’ अशी रेघ वापरते, विंडोज ‘\’ अशी उलटी रेघ. हा फरक का पडला? १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते आणि ‘/’ हे चिन्ह आज्ञेला पर्याय जोडण्यासाठी वापरले जाई. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा ती रेघ अगोदरच कामाला लागलेली होती. म्हणून उलटी रेघ घेतली. पण युनिक्सच्या परंपरेत उलट्या रेघेला खास अर्थ आहे. अनेक ठिकाणी तिच्यापुढे एन हे अक्षर आले तर ‘नवी ओळ’ आणि टी आले तर ‘टॅब’ असे समजतात. आता ‘सी:\न्यू\टूल्स’ या रस्त्याचे काय होईल? न्यू शब्द रोमन एनने आणि टूल्स शब्द टीने सुरू होतो. रस्ता मध्येच तुटून खालच्या ओळीवर जातो आणि पुढे त्यात एक मोठी फट पडते!

तिसरी अडचण रिकाम्या जागेची. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ पासून आज्ञावल्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’ नावाच्या फोल्डरात ठेवण्याची पद्धत पडली. या नावात दोन शब्द आहेत आणि मध्ये मोकळी जागा आहे. मेकच्या दृष्टीने मात्र मोकळी जागा म्हणजे दोन नावांमधली सीमा. एका फोल्डराची दोन झाली.

चौथी अडचण नावांची. युनिक्सवरचे ‘होम’ विंडोजवर ‘युजरप्रोफाइल’ असते. युनिक्सवरच्या ‘टीएमपीडीआयआर’च्या जागी विंडोजवर ‘टेम्प’ किंवा ‘टीएमपी’ असते. साधनाने नुसते ‘होम’ विचारले, तर विंडोजवर उत्तर बहुधा कोरेच येते.

पाचवी अडचण रिकाम्या किमतीची, आणि ही सर्वांत फसवी. लिनक्सवर चल असून त्याची किंमत रिकामी असू शकते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘सेट गाव=’ म्हटले की चलच पुसले जाते. शिवाय लिनक्सवर पाथच्या यादीत दोन ‘:’ चिन्हे लागोपाठ आली, तर मधल्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘आपण आत्ता ज्या फोल्डरात आहोत तो’ असा होतो. कुणी यादीच्या सुरुवातीला एखादे चल जोडले आणि ते रिकामे निघाले, तर संगणक नकळत हाताशी असलेल्या फोल्डरातील आज्ञावली चालवू लागतो. तेथे कुणी खोडसाळपणे कंपायलरच्याच नावाची दुसरी आज्ञावली ठेवलेली असली म्हणजे?

एक चल, दोन हेतू

आता एक खरे उदाहरण पाहा. मेकचा एक प्रसिद्ध अवतार म्हणजे ग्नू मेक. तिचा सर्वसाधारण नियम असा, की परिसरात जी चले असतील ती मेकफाइलीत आपोआप उपलब्ध होतात. मेकफाइलीत त्याच नावाला किंमत दिली असेल तर बहुधा तीच खरी धरतात, पण दिली नसेल तर परिसरातील किंमत गुपचूप आत येते. म्हणजे एखादे नाव द्यायचे तुम्ही विसरलात, तरी मेक तक्रार करीलच असे नाही. परिसरात त्या नावाचे काही सापडले तर ती तेच वापरील.

या नियमाला ग्नू मेकच्या कर्त्यांनी एक अपवाद ठेवला आहे. तो म्हणजे ‘शेल’ हे चल. युनिक्सवर या चलात वापरणाऱ्याच्या आवडीच्या शेलाचे नाव असते. कुणाला एक आवडतो, कुणाला दुसरा. त्यांच्या आज्ञांची भाषाही थोडी वेगळी असते. एकाच्या आवडीवर दुसऱ्याची बांधणी अवलंबून राहू नये, म्हणून ग्नू मेक हे चल परिसरातून घेत नाही. पण डॉस आणि विंडोजवर मात्र ती घेते! कारण तेथे हे चल सहसा कुणी ठेवतच नाही. कुणी ठेवले असेल तर ते मुद्दाम मेकसाठीच ठेवले असणार, असे धरले आहे. पाहा, नाव एकच, पण एका गावात त्याचा अर्थ ‘माझी आवड’ आणि दुसऱ्या गावात ‘मेकला सूचना’.

भाषा आणि घड्याळ

आतापर्यंतच्या अडचणी दोन वेगळ्या कार्यप्रणालींमधील होत्या. पण दोन्हीकडे लिनक्सच असले तरी सुटका नाही.

‘लँग’ आणि तिच्या जोडीची चले संगणकाची भाषा ठरवतात. जर्मन भाषा निवडलेली असेल तर कंपायलर आपले निरोप जर्मनमध्ये देऊ शकतो. बांधणीचे साधन निरोपात ‘एरर’ हा शब्द शोधत बसते आणि कंपायलर म्हणतो ‘फेलर’. चूक झाली, पण साधनाला पत्ताच नाही.

फाइलींचा क्रमही भाषेवर ठरतो. ‘सी’ नावाच्या मूळ मांडणीत आधी सर्व मोठी रोमन अक्षरे आणि मग सर्व लहान अक्षरे येतात, कारण मोठ्या ए चा संकेतांक ६५ आणि लहान ए चा ९७ आहे. इंग्रजीसाठीच्या नेहमीच्या मांडणीत मात्र मोठा ए आणि लहान ए शेजारी शेजारी बसतात. त्यामुळे तुकडे जोडण्याचा क्रम बदलू शकतो.

तुर्की भाषेची तर गंमतच आहे. तिच्या लिपीत आय हे अक्षर दोन प्रकारचे असते, एक टिंबाचे आणि एक बिनटिंबाचे. मोठ्या अक्षरांत लिहिलेला ‘फाइल’ हा इंग्रजी शब्द तुर्की नियमाने लहान अक्षरांत नेला, की त्यातील आयचे टिंब नाहीसे होते. मग तो ओळखीचा ‘फाइल’ राहत नाही आणि आज्ञावलीला तो सापडत नाही.

आता घड्याळ. अनेक आज्ञावल्यांत बांधणीची तारीख कोरलेली असते. पुण्यात १ जानेवारीला पहाटे १ वाजता बांधणी केली, तर जागतिक प्रमाणवेळेनुसार तेव्हा ३१ डिसेंबरच्या संध्याकाळचे ७ वाजून ३० मिनिटे झालेली असतात, कारण आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे. ‘टीझेड’ चल वेगळे असेल तर एकाच क्षणी केलेल्या दोन बांधण्यांत नुसती तारीखच नव्हे, तर वर्षही वेगळे येईल!

एवढ्याने काय बिघडते?

तुम्ही म्हणाल, तारीख वेगळी आली तर आभाळ कोसळते का? कोसळत नाही. पण एक मोठी गोष्ट हातची जाते. ती म्हणजे पडताळा.

बँकेचे व्यवहार, रुग्णालयातील यंत्रे, रेल्वेचे आरक्षण, सारे आज आज्ञावल्यांवर चालते. मूळ संहिता तज्ज्ञ वाचून तपासू शकतात. पण संगणकावर चालते ती संहिता नव्हे, तर बांधणीतून निघालेली ० आणि १ ची माळ. ही माळ त्याच संहितेतून निघाली, मध्ये कुणी काही घुसडले नाही, हे कशावरून? युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार-व्याख्यानात हाच धोका दाखवला होता. कंपायलरमध्येच कुणी चोरदरवाजा दडवला, तर मूळ संहिता कितीही वाचली तरी तो दिसणार नाही.

यावर एक उपयोगी उपाय म्हणजे अनेकांनी, अनेक ठिकाणी, एकाच संहितेची स्वतंत्र बांधणी करायची आणि निकाल ताडून पाहायचे. सर्वांचे निकाल अक्षरशः सारखे आले तर विश्वास वाढतो. एकाचा वेगळा आला तर संशयाला जागा. पण प्रत्येकाच्या परिसर-चलांमुळेच निकाल वेगळे येऊ लागले, तर चोराच्या पावलांचा ठसा ओळखायचा कसा? अंगणात आधीच शंभर ठसे उमटलेले!

म्हणून १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स प्रकल्पातील स्वयंसेवकांनी २०१३ पासून ‘पुनरुत्पादनक्षम बांधणी’चे काम हाती घेतले. त्यांची तपासण्याची पद्धत तुम्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आवडेल. ते एकाच संहितेची दोनदा बांधणी करतात आणि दुसऱ्या वेळी परिसर मुद्दाम बदलतात. कालक्षेत्र वेगळे, भाषा वेगळी, वापरणाऱ्याचे नाव वेगळे. तरीही निकाल बिट न् बिट सारखा आला तर ती बांधणी उत्तीर्ण. वेगळा आला तर कोणत्या चलामुळे, याचा शोध सुरू.

उपाय कोणते?

पहिला उपाय म्हणजे गृहीत धरू नका, लिहा. आत्याने ‘नेहमीचा मसाला’ऐवजी ‘गोडा मसाला’ लिहिले असते तर घोळ झालाच नसता. बांधणीला जी चले लागतात त्यांची यादी सुरुवातीलाच द्यावी.

दुसरा उपाय म्हणजे आधी तपासा आणि स्पष्ट बोला. लिनक्समधील सी भाषेचे मूळ ग्रंथालय ‘ग्लिबसी’ बांधताना ‘एलडी लायब्ररी पाथ’ या चलात चालू फोल्डर असेल, तर बांधणीची तयारी करणारी आज्ञावली तेथेच थांबते आणि कारणही सांगते. दोन तासांनी गूढ चूक येण्यापेक्षा पहिल्याच मिनिटाला स्पष्ट नकार बरा.

तिसरा उपाय म्हणजे परिसर स्वच्छ करा. १९९१ साली सुरू झालेल्या ऑटोकॉन्फ या साधनाने तयार केलेल्या आज्ञावल्या सुरुवातीलाच भाषा ‘सी’ या मूळ मांडणीवर आणतात. ‘निक्स’ नावाचे साधन तर याहून कडक आहे. ते वापरणाऱ्याची चले बांधणीपासून दूर ठेवते. पाथच्या जागी ‘पाथ दिलेला नाही’ अशा अर्थाचे आणि होमच्या जागी ‘बेघरांचा निवारा’ अशा अर्थाचे, अस्तित्वात नसलेले पत्ते ठेवते! कुणी नकळत त्यांच्यावर विसंबले असेल, तर बांधणी तत्काळ फसते आणि चूक उघडी पडते.

चौथा उपाय म्हणजे चिन्हे हाताने जोडू नका. फोल्डर जोडण्याचे आणि यादी तोडण्याचे चिन्ह कोणते, हे पायथॉनसारख्या भाषांना त्या त्या प्रणालीवर ठाऊक असते. ते काम भाषेच्या ग्रंथालयाकडे सोपवावे.

येथे एक शंका येईल. मग परिसर-चले वापरूच नयेत का? तसे नाही. बांधणीतल्या तारखेचा घोळ मिटवण्यासाठी पुनरुत्पादनक्षम बांधणीवाल्यांनी काय केले, ठाऊक आहे? ‘सोर्स डेट इपॉक’ नावाचे एक नवे परिसर-चलच ठरवले! १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ती संख्या त्यात ठेवायची. बांधणी कोठेही आणि केव्हाही होवो, साधनांनी घड्याळाकडे न पाहता हीच वेळ वापरायची. फरक एवढाच, की हे चल उघडपणे जाहीर केलेले आहे, त्याचा अर्थ सर्वांनी एक ठरवला आहे आणि किंमत कृतीबरोबरच प्रवास करते. मसाल्याची पुडीच वहीला बांधून दिली म्हणा ना!

प्रयोगवहीकडे

तुम्ही शाळेत शिकता, की पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पण महाबळेश्वरला हा प्रयोग केलात तर पाणी सुमारे ९५-९६ अंशांनाच उकळू लागेल. तापमापी बिघडलेली नसते. पुस्तकही खोटे नसते. ‘समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला’ हे शब्द गाळले की वाक्य अपुरे राहते. दाब हे त्या प्रयोगाचे परिसर-चलच होय. म्हणून तर आपण प्रयोगवहीत निरीक्षणांबरोबर परिस्थितीही लिहितो. बांधणी करणाऱ्यालाही हीच सवय लावून घ्यावी लागते.

स्वाध्याय

१) तुमच्या संगणकावरील पाथ चलाची किंमत वहीत उतरवून घ्या. तीत किती फोल्डर आहेत? ते कोणत्या चिन्हाने तोडले आहेत?

२) ‘डी:\नोट्स;सी:\टेस्ट’ ही यादी ‘:’ या चिन्हावर तोडली तर किती तुकडे होतील? ते लिहा.

३) पुण्यात १ एप्रिलला पहाटे ४ वाजता केलेल्या बांधणीत जागतिक प्रमाणवेळेनुसार कोणती तारीख आणि वेळ येईल?

४) घरातील एखादी आवडती कृती आईला किंवा आजीला विचारून लिहून घ्या. तीत ‘नेहमीचे’, ‘अंदाजाने’, ‘आपले माप’ असे शब्द किती वेळा आले ते मोजा. दुसऱ्या गावच्या माणसाला ती जमावी म्हणून त्या शब्दांच्या जागी काय लिहावे लागेल?